खाऱ्याची धास्ती, गोड्याचा गाळ

रत्नागिरीजवळच्या आमच्या मिऱ्यावर गाडी इंजिनानं मरत नाही, पत्र्यानं मरते. समुद्रावरून येणारा खारा वारा कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. खिडकीचे गज, सायकलची चेन, बालदीची कडी, दाराची कुलपं, सगळं तो सावकाश खात बसतो. त्यामुळे आमच्याकडे कुणी जुनी गाडी घ्यायला निघाला की किती चालली, मालक कितवा, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न, गाडी उभी कुठे असायची? बंदराच्या अंगाला उभी राहणारी असली तर लोक चहासुद्धा न घेता परत फिरायचे. हातखंबा, पाली, लांजा अशी वरच्या अंगाची असली की माणूस निम्मा विरघळलाच. या एका शहाणपणावर आमच्या गावानं वर्षानुवर्षं गाड्या घेतल्या, आणि याच शहाणपणापायी आमचं घर एकदा खड्ड्यात जाता जाता राहिलं. ते कसं राहिलं हे सांगताना मी थोडी फुशारकी मारणार आहे. पन्नाशी उलटली, आता नाही मारायची तर कधी मारायची?

बाबा बोटीवर ऑइलमन होते. जहाजाच्या पोटात बसून इंजिनाला तेल पाजायचं, त्याचा ताप बघायचा, उरलेल्या वेळी गंज खरवडायचा, हे त्यांचं काम. दहा महिने तिकडे आणि दोन महिने घरी. माजघरातल्या खांबाला टेकून त्यांची हिरवी पत्र्याची पेटी असायची. सुट्टीवर आले तरी ती पेटी कधी पुरती रिकामी झाली नाही. अंघोळीला जाताना त्यातून कपडे काढायचे, धुऊन वाळले की घडी करून परत त्यातच ठेवायचे. आईनं कपाटातला एक कप्पा लग्न झाल्यापासून त्यांच्यासाठी मोकळा ठेवला होता. त्यात डांबराच्या गोळ्यांशिवाय कधी काही पडलं नाही. घरी आले की पहिले आठ दिवस बाबांना झोप लागत नसे, कारण इंजिनाची घरघर नसायची. दुपारी ओटीवर आडवे व्हायचे आणि आत हाक मारायचे, "सुलू, जरा मशीन चालव गो." मी शिवणाच्या मशीनवर बसायची. शिवायला काही नसलं तर नुसत्या चिंधीवर टीप मारत राहायची. थोड्या वेळानं घोरणं ऐकू यायचं. मी थांबले की घोरणंही थांबायचं आणि पुन्हा हाक यायची. आई म्हणायची, "जगातला हा एकच माणूस, ज्याला शांततेत झोप येत नाय."

त्या वर्षी बाबा वैशाखात घरी होते. वैशाख म्हणजे आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नाही. आई आंबापोळी घालायची. हापूसचा रस आटवून, तूप लावलेल्या ताटांत पसरून, उन्हात एकावर एक थर चढवायचे. ताटांवर जुन्या साड्या झाकलेल्या, तरी गांधीलमाश्या यायच्याच, आणि अख्ख्या घराला गोड चिकट वास यायचा. एकीकडे फणसपोळी, एकीकडे कोकमं. हा सगळा माल एसटीनं हातखंब्याला न्यायचा, तिथं महामार्गावरच्या हॉटेलांत ठेवायचा. कंडक्टरची मनधरणी, डब्यांची आदळआपट, पोचेपर्यंत अर्ध्या पोळ्यांचा चुरा. मी तेव्हा बारावी करून शिवण शिकत होते आणि बाकी वेळ ही हमाली करत होते.

एका दुपारी कंपनीचं पत्र आलं. पुढच्या खेपेला येणार की नाही, आठ दिवसांत कळवा. जेवायला घावने आणि बांगड्याचं तिखलं होतं. बाबा ताटाकडे बघतच म्हणाले, "गाडी चांगली मिळाली तर ह्या खेपेला नाय जात मी. एक व्हॅन घेतो. तुज्या पोळ्या नि कोकमं हातखंब्याला पोचवीन, पुढं चिपळूणपर्यंत जाईन. आता पुरे झाला समुद्र." आईनं त्यांना वाढायला घावन उचललं होतं, ते तिनं स्वतःच्याच ताटात वाढून घेतलं. तिच्या लक्षातही आलं नाही. आम्हां दोघींनाही ठाऊक होतं की जमवलेलं सगळं त्या गाडीत जाणार. गाडी चालली तर बाबा घरी. गाडीनं दगा दिला तर पेटी उचलायची आणि पुन्हा बोटीवर, किती खेपा ते देव जाणे.

हातखंब्याच्या तिठ्यावर विनूशेठचं हॉटेल होतं. आमच्या आंबापोळ्या त्यांच्या काउंटरवर असायच्या, म्हणून ओळख. माणूस बोलायला खडीसाखर. त्यांची निळी व्हॅन विकायची होती. "हातखंब्याच्या बाहेर फारशी गेलीच नाय हो," ते म्हणाले, "समुद्र तर बघितला पण नाय तिनं." (गाडी कुठल्या कंपनीची हे मी लिहीत नाही. तिचा बिचारीचा काही दोष नव्हता.) बाबांनी गोणपाट टाकलं आणि उताणे होऊन खाली शिरले. मोडक्या रेडिओच्या कर्ण्यातलं लोहचुंबक त्यांनी आणलं होतं, ते सगळ्या पत्र्यावरून फिरवलं. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवलेला पत्रा असला की चुंबक घसरतं. इथे कुठेच घसरलं नाही. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला लावून मूठ कानाशी धरली. "गाणं म्हणतंय," ते म्हणाले. शेवटी चाकाच्या वरच्या कमानीत आतून बोट फिरवलं आणि ते सरळ जिभेला लावलं. मला लाज वाटली, पण बाबांचा चेहरा उजळला होता. "खारं नाय," ते म्हणाले, आणि तिथंच हातावर हात पडला. विसार दिला गेला, सोमवारी उरलेले देऊन गाडी न्यायची ठरलं. विनूशेठनी कोकम सरबत पाजलं.

मी तोवर मागच्या सीटवर बसून बघत होते. सीटा नव्या रेक्झिनच्या होत्या, शिवण चांगली होती. उदबत्तीचा वास होता, रेक्झिनचा होता, कुठंतरी डांबराच्या गोळ्या टाकलेल्या होत्या. आणि थोडा वेळ बसल्यावर या सगळ्यांच्या खालून आणखी एक वास वर आला. ओलं गोणपाट, कुजका तांदूळ आणि रॉकेल एकत्र केलं तर येईल तसा. तो वास माझ्या ओळखीचा होता.

आदल्या आषाढात चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं होतं. माझी आत्या तिथली. तिचं आणि आतोबांचं शिवणाची मशीनं विकायचं आणि दुरुस्त करायचं दुकान होतं. पाणी गेल्यावर मी महिनाभर तिच्याकडे मदतीला होते. एकेक मशीन उघडायचं, एकेक स्क्रू काढायचा, पुसायचा, तेलात टाकायचा. आत्यानं पहिल्याच दिवशी मला एक केसातला आकडा दिला आणि म्हणाली, "पाणी वसरतं गो, गाळ नाय वसरत. आकडा घाल नि बघ." खरंच, वरून लखलखीत दिसणाऱ्या मशीनच्या सांध्यात आकडा घातला की पिठासारखा मऊ गाळ बाहेर यायचा. कुणी एक व्यापारी ती बुडालेली मशीनं मातीमोलानं घेऊन, पॉलिश मारून, नवी म्हणून विकत फिरत होता. आत्या त्याच्या नावानं बोटं मोडायची. तिनंच मला दुसरी गोष्ट शिकवली. भिंतीवरच्या तपकिरी रेघेला टेप लावून म्हणाली, "डाग कुठंही पडतो. पुराची रेघ सगळीकडे एकाच उंचीला पडते. भिंत बघ, कपाट बघ, मशीनचा पाय बघ. पाणी खोटं बोलत नाय."

दुसऱ्या दिवशी अंगणात ताटं फिरवताना मी आईला सांगितलं की त्या गाडीला पुराचा वास येतो. आईनं हातातलं ताट खाली ठेवलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. "वास?" ती म्हणाली. "वासावरून त्यांना परत बोटीवर धाडतेस? आता कुठं राहतो म्हणालेत. तू मोडता घालू नकोस, सुलू." मी म्हटलं, अगं पण गाडी बुडालेली असली तर? ती म्हणाली, "नसेल." एवढंच. मला तिचा फार राग आला. आज तिच्या त्या वेळच्या वयाच्या कितीतरी पुढे गेल्यावर मला कळतं की तिला गाडी हवीच नव्हती. तिला फक्त तो कप्पा भरायला हवा होता, आणि त्यासाठी ती गाडीतल्या गाळावरसुद्धा डोळे मिटायला तयार होती. बाबांनाही सांगून पाहिलं. ते हसले. "जन्म पाण्यात गेला माजा, पाण्यानं काय होतं ते तू सांगतेस? मी स्वतः चाखलंय. खारं नव्हतं." मी म्हटलं, बाबा, पूर खारा नसतो. त्यावर त्यांनी चहाची बशी तोंडाला लावली आणि म्हणाले, "शब्द दिलाय मी विनूशेठला." पुढे बोलायची सोय नव्हती.

आता माझा भाचा गाडी घ्यायची म्हटलं की मोबाइलमध्ये नंबर टाकतो. मालक कितवा, विमा कधी संपला, कर्ज आहे का, दंड राहिलेत का, सगळं तिथंच. चांगलं आहे, बघावंच. आमच्या वेळी एमएच शून्य आठ म्हणजे अख्खा जिल्हा, चिपळूण काय आणि रत्नागिरी काय, पाटीवरून काही कळायचं नाही. पण मी भाच्याला सांगते, मोबाइलला नाक नाही. नंबर बघून झाला की काचा वर करून दहा मिनिटं गप्प आत बस.

सोमवारी मी बाबांबरोबर गेले. आईनं हळदकुंकू आणि गाडीपुढे फोडायला नारळ दिला होता. माझ्या पर्समध्ये मशीनचा छोटा स्क्रूड्रायव्हर, केसातले दोन आकडे आणि शिवणाची टेप होती. मी खोटी ठरले तर बाबांची चारचौघांत मान खाली, आणि खरी ठरले तर ते बोटीवर. दोन्हीकडून मीच वाईट होणार होते.

मी आधी गाडीचं नोंदणीचं पुस्तक मागितलं. विनूशेठनी झेरॉक्स पुढे केली. मी म्हटलं, मूळ बघू. ते आत जाऊन घेऊन आले. गाडी जुनी आणि पुस्तक कोरं करकरीत, वर 'दुय्यम प्रत' असा शिक्का. आधीच्या मालकाचा पत्ता चिपळूण बाजारपेठ, आणि विनूशेठच्या नावावर चढली ती गेल्या दिवाळीत. "मूळ हरवलं हो," ते म्हणाले, "नि पत्त्याचं काय, कागदावर काहीही असतं." मी बाबांकडे बघून म्हटलं, नारळ फोडायच्या आधी मला पाव तास द्या. बाबा अवघडले. मग स्वतःचीच लाज राखायला म्हणून हसत म्हणाले, "बघू दे तिला. शिवण शिकलीय आमची, सीटा कशा शिवल्यात ते बघील." आजूबाजूचे हसले. मला तेवढंच पुरे होतं.

पुढच्या सीटचा पट्टा मी पूर्ण बाहेर ओढला. नेहमी बाहेर असणारा भाग काळा होता, आत गुंडाळून राहणारा तपकिरी आणि कडक. मग मागच्या सीटच्या नव्या रेक्झिनच्या गाठी सोडून ते वर केलं. खाली जुनं कापड तसंच होतं आणि त्यावर एक सरळ रेघ. टेप लावली. तळाच्या पत्र्यापासून चौदा इंच. दाराच्या आतल्या पुठ्ठ्याचे तीन स्क्रू काढले, कोपरा सैल करून आत बघितलं. चौदा. मागच्या बाजूच्या पुठ्ठ्याला, चौदा. एव्हाना गोव्याकडची एक बस थांबली होती आणि लोक चहाचे ग्लास घेऊन भोवती जमले होते. माझी भीती कधी गेली कळलं नाही. मी प्रत्येक माप मोठ्यानं सांगत होते.

"अगो, धुताना पाणी सांडलं असंल," विनूशेठ म्हणाले.

"धुताना सगळीकडे चौदाच इंच कसं सांडलं?" मी विचारलं.

लोक हसले. विनूशेठ चिडले आणि चिडलेला माणूस खरं बोलून जातो. "चिपळूणला उभी होती ती खरी," ते म्हणाले, "पण पाणी टायराच्या वर आलंच नव्हतं."

समुद्रसुद्धा न बघितलेल्या त्या गाडीच्या टायरांना आता त्यांच्याच तोंडानं पाणी लागलं होतं. मी सीट ज्या पट्टीवरून पुढेमागे सरकते तिच्या खोबणीत आकडा घातला. वर नवं ग्रीस, आणि त्याच्या खाली सुका, मऊ, तपकिरी गाळ. तो मी बाबांच्या तळहातावर पाडला. बाबांनी तो बोटांनी चोळला. मग चिमूटभर जिभेवर ठेवला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि मला वाटतं तिथला प्रत्येक जण बघत होता.

"गोडं," बाबा म्हणाले. थुंकले, रुमालानं तोंड पुसलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "नदीचं हाय, विनूशेठ. विसार द्या माजा."

विसार मिळाला. वर बोलणीही मिळाली. "उद्यापासून तुमच्या पोळ्या ठेवायला आमच्याकडे जागा नाय," असं विनूशेठनी सुनावलं. शेजारी कलिंगडं विकणारी एक बाई मघापासून सुरी हातात धरून तमाशा बघत होती. ती म्हणाली, "माज्याकडे ठेव गो बाय. जागाच जागा हाय." पुढं कितीतरी वर्षं आमचा माल तिच्याच टपरीवर होता, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला ती माझी ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगायची. तिच्या तोंडी चौदाचे हळूहळू वीस इंच झाले.

परतीच्या एसटीत न फोडलेला नारळ माझ्या मांडीवर होता. बाबा खिडकीबाहेर बघत होते. मिरजोळ्याच्या कारखान्यांची पत्र्याची छपरं दिसायला लागली तेव्हा ते बोलले. "जहाजाच्या तळाला पाणी साचलेलं दिसलं ना, की आम्ही पहिलं चाखून बघतो. खारं लागलं तर समुद्र आत आलाय, पळापळ. गोडं लागलं तर आपल्याच टाकीचं, घाबरायचं काय नाय. गोडं म्हंजे सुटलो. एवढी वर्षं हेच करत आलो, म्हणून फसलो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पूर खारा नसतो, हे तू बोललीस तेव्हाच मला समजायला हवं होतं." बाबांनी माझ्याकडे चूक कबूल केली ती आयुष्यात हीच एकदा. मला रडू आलं आणि मी नारळाची शेंडी उपटत बसले.

आईनं दारात गाडी बघितली नाही, माझ्या हातात नारळ बघितला आणि ती आत गेली. रात्री ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दोरीवरचे बाबांचे शर्ट तिनं काढले, नीट घड्या केल्या आणि स्वतःच्या हातानं पेटीत ठेवले. ते बघून मला जे वाटलं ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. हातखंब्याला सगळ्यांच्या देखत जिंकले होते, आणि घरात हरले होते. पत्राचं उत्तर द्यायला तीन दिवस उरले होते.

मग मला डॉक्टरीणबाईंची गाडी आठवली. बंदराच्या रस्त्याला समुद्राकडे तोंड करून त्यांचा दवाखाना होता आणि दारात एक सायीच्या रंगाची व्हॅन. डोळ्यांच्या त्रासामुळे बाईंनी गाडी चालवणं सोडलं होतं आणि विकायची म्हणून काचेला कागद लावला होता. सहा महिने तो कागद उन्हात पिवळा पडला, कुणी फिरकलं नाही. बंदरावरची गाडी कोण घेणार? मी त्याच संध्याकाळी जाऊन बाईंना सांगून आले की उद्या आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. आधीच चालवून गरम केलेलं इंजिन कुणाचंही शहाणं वागतं, गार इंजिन खरं काय ते बोलतं, हे खुद्द बाबांचंच वाक्य होतं. बाबा यायला तयार नव्हते. मी म्हटलं, तुम्ही नुसते बसा, बघते मी.

बाईंनी आम्हांला बसवलं आणि औषधाच्या चिठ्ठीचा कागद पुढे केला. त्यावर त्यांनी गाडीचे सगळे आजार क्रमानं लिहिले होते. दारं खालून गंजली आहेत. मागचा दिवा कधी लागतो, कधी नाही. एकदा बांधाला घासली, उजवी बाजू नंतर रंगवली आहे. तिसरा गिअर थंडीत कुरकुरतो. "हे सगळं सांगितलं की माणसं पळून जातात," त्या म्हणाल्या, "पण मी पेशंटला खोटं सांगत नाही, तर गाडीबद्दल कशाला सांगू?" मी इंजिनावर हात ठेवला, गार होतं. बाबांनी चावी फिरवली, पहिल्या फटक्यात चालू झालं. पुस्तक मूळ होतं, पहिल्यापासून एकच मालक, आणि विम्याचे कागद वर्षावार टाचलेले. चासीवरच्या नंबरावर मी कागद धरून शिसपेन्सिल घासली, लहानपणी नाण्यावर घासायचो तशी, आणि उमटलेला आकडान् आकडा पुस्तकाशी जुळवला. चढावर नेली, ब्रेक बघितले. पट्टे ओढले, पुठ्ठे सैल केले, टेप लावायला कुठे रेघच नव्हती. सीटच्या खोबणीत आकडा घातला तर वाळू, एक चिंचोका आणि खोकल्याच्या गोळीचा कागद निघाला.

बाबा तोवर दाराच्या खालच्या पत्र्याशी उकिडवे बसले होते. त्यांनी बोटानं दाबलं आणि बोट आरपार गेलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. बाबांनी ते बोट जिभेला लावलं, आणि मी त्यांना इतकं मोठ्यानं हसताना कधी ऐकलं नव्हतं. "खारं!" ते म्हणाले. "अगो, हे तर माजं काम. जहाजावर दुसरं करतो काय आम्ही? गंज ठोकायचा, खरवडायचा, शेंदरी रंग मारायचा. अख्खी बोट ठोकून काढतो, ही तर चार दारांची डबी." ज्या खाऱ्याला गाव घाबरत होतं, त्याच्याशी झुंजण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि हे आम्हां कुणाच्याच, खुद्द त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं. गाडी त्याच दिवशी ठरली. बाईंनी दाराच्या पत्र्यापुरते पैसे आपणहून कमी केले.

कंपनीला उत्तर बाबांनी स्वतः लिहिलं, दोनच ओळी, आणि मी ते पोस्टात टाकून आले. पुढचे पंधरा दिवस आमच्या अंगणात आंबापोळीची ताटं एका बाजूला आणि हातोड्याची ठकठक एका बाजूला. गांधीलमाश्यासुद्धा पळून गेल्या. सीटा मी शिवल्या, मशीनच्या दोन सुया मोडून. त्या सीटा बघून मिरजोळ्याच्या एका गॅरेजवाल्यानं मला काम दिलं. पुढं तिथंच माझं स्वतःचं सीटा शिवायचं दुकान झालं आणि ते अजून आहे. आज जुनी गाडी घेणारे आधी माझ्याकडे आणतात. मी टेप घेऊन उठले की विकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो, आणि तो मी दर वेळी अगदी मन लावून बघते.

रंग वाळला त्या दिवशी बाबांनी गाडी दारात तुळशीसमोर उभी केली. तोच हातखंब्याहून परत आलेला नारळ फोडायला घेतला. फोडायच्या आधी गाऱ्हाणं घातलं. शेजारचे चारपाच जण जमले होते. बाबा हात जोडून मोठ्या आवाजात म्हणाले, "हे देवा महाराजा, आज जी ही गाडी दारात आणलेली आहे, तिला सुखरूप ठेव रे महाराजा." सगळे म्हणाले, "होय महाराजा." "आल्यागेल्याची, वाटेवरची इडापिडा टाळ रे महाराजा." "होय महाराजा." मग बाबांनी घसा खाकरला. "ही गाडी आमच्या सुलूनं पारखून आणलेली आहे. तिच्या नजरेला नि हाताला यश दे रे महाराजा."

त्या वेळी सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या वर एकच आवाज आला, "होय महाराजा." आईचा होता. आमच्याकडे गाऱ्हाण्याला होकार पुरुष देतात, बायका मागं उभ्या असतात, त्यामुळे दोघंतिघं वळून बघायला लागले. आईनं कुणाकडे बघितलं नाही. नारळ फुटला, खोबरं वाटायला तिनं माझ्या हातात दिलं आणि ती आत गेली. मी खोबऱ्याचं ताट घेऊन मागोमाग गेले तर माजघरात पेटीचं झाकण उघडं होतं, आणि आई बाबांचे शर्ट एकेक करून कपाटात लावत होती.